फणसळकर मास्तरांचा गुरुवार

फणसळकर सरांची आणि माझी ओळख माझ्या कोपरामुळे झाली. कारखान्याचं काचसामान आणायला मी पुण्याला निघालो होतो. चिंचवड स्टेशनवर सकाळची पॅसेंजर थांबली, आणि मी एका वयस्कर गृहस्थांना कोपराने बाजूला सारून खिडकीची जागा पटकावली. वय तेवीस, नोकरी नवी, खिशात बी.एस्सी. "बळी तो कान पिळी. निसर्गाचा नियमच आहे," असं शेजाऱ्याला ऐकवलंसुद्धा.

ते गृहस्थ माझ्यासमोरच उभे होते. उंच, किडकिडीत, धोतरावर तपकिरी कोट, बगलेत छत्री. खाली वाकून अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "कुठल्या कचेरीत नोंदवलाय?"

"काय?"

"नियम. निसर्गाने केला म्हणता, तेव्हा कुठेतरी नोंद असेल, सही-शिक्का असेल. मी वीस वर्षं शोधतोय. मला काही सापडला नाही."

डबा हसला. मी उठलो. ते बसले मात्र नाहीत. "मघाशी तुम्ही निसर्गामुळे बसलात, आता लाजेमुळे उठलात. दुसरं कारण जास्त चांगलं. पण जागा त्या बाईंना द्या, त्यांच्या कडेवर मूल आहे," असं म्हणून त्यांनी छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली आणि खडकीपर्यंत माझी उलटतपासणी केली.

प्राध्यापक त्र्यंबक फणसळकर पुण्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आणि राहत चिंचवड गावात. गाव त्यांना मास्तर म्हणे. प्राध्यापक हा शब्द तिथल्या जिभांना लांब पडत असावा. त्यांच्या अभ्यासाचा विषय विचारला तर ते सांगत, "सजीवांच्या शास्त्रातून नीती निघते का, हे बघतो." आणि काय दिसलं असं विचारलं तर, "अजून तरी निघत नाही. पण लोक काढतात." लोक खरंच काढत. वाणी म्हणे, मोठा मासा लहान माशाला खातो, रीतच आहे ती. मास्तर म्हणत, "लहान माशाला विचारलंत का?" सासरा म्हणे, बाईचा जन्म चुलीसाठीच. मास्तर म्हणत, "कुणी सांगितलं? चुलीने? बाईला विचारलंत का?" 'विचारलंत का?' हे दोन शब्द त्यांनी गावात इतके वापरले, की पुढे पुढे पोरंटोरंही ते एकमेकांवर फेकू लागली.

ते एक पुस्तक लिहीत होते. नाव 'जीव, हेतू आणि कर्तव्य'. जन्मभर लिहीत होते म्हटलं तरी चालेल. त्यांचा मूळ मुद्दा मला पॅसेंजरमध्येच चार-पाच खेपांत पाठ झाला. आपण म्हणतो, डोळे बघण्यासाठी आहेत, काळीज रक्त फिरवण्यासाठी आहे. हे 'साठी' शरीरात कुठून आलं? ते सापडलं, तरी त्यावरून माणसाने काय करावं हे ठरतं का? "निसर्ग कुणाला वकीलपत्र देत नाही," ते म्हणत. "त्याच्या नावाने बोलणारे सगळे आपणहून उभे राहिलेले वकील. आणि गंमत बघा, प्रत्येकाचं अशील तो स्वतःच."

आमचा कारखाना चिंचवड आणि पिंपरीच्या मधे मुंबई रस्त्याला लागून होता. त्या वर्षांत तिथे रोज एका शेताला कुंपण पडे आणि एका शेतकऱ्याच्या अंगावर खाकी चढे. मोठमोठे कारखाने उभे राहत होते. आमचा मोठा नव्हता. दोन पत्र्याच्या शेड, एक विहीर, एक बॉयलर, आणि सलाइनच्या बाटल्या. पुढे तो बंद पडला, आता त्याचं नावही कुणाला आठवत नाही, त्यामुळे मी मोकळेपणाने लिहितोय. मॅनेजर होते कारखानीस साहेब. या आडनावाच्या माणसाला दुसरी कुठली नोकरी कोण देणार! सूट घालत, पाहुण्यांना कारखाना दाखवत, आणि वाक्याची सुरुवात बहुधा "आजच्या विज्ञानयुगात" अशी करत.

मी तिथे केमिस्ट. माझ्याकडे ससे होते. सलाइन थेट रक्तात जातं, तेव्हा त्यात ताप आणणारं काही राहिलेलं नाही ना, हे आधी सशांवर तपासावं लागे. तीन ससे घ्यायचे, आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवायचे, सकाळी लाकडी खोड्यात बसवायचे, म्हणजे धड आत आणि मान बाहेर. मग ताप मोजायचा, कानाच्या शिरेतून औषध टोचायचं, आणि पुढे तीन तास तासातासाला पुन्हा ताप मोजायचा. थर्मामीटर कुठे लावतात हे इथे लिहीत नाही, सशांनाही ते आवडत नसे. ताप चढला नाही तर माल पास. चढला तर सगळ्या बाटल्या गटारात.

मास्तरांना हे कळलं तेव्हा अपेक्षेप्रमाणे त्यांनी विचारलं, "सशांना विचारलंत का?" मी म्हणालो, "सर, माणसं वाचतात." ते म्हणाले, "वाचतात. ते मला नाकारायचं नाही. पण परवा तुमचे साहेब भाषणात म्हणाले, हे मुके जीव मानवजातीसाठी आपलं रक्त देतात. देतात हे खोटं. आपण घेतो. घ्यावं लागत असेल तर घ्या, पण घेतो म्हणा." थोड्या वेळाने म्हणाले, "मी ज्यांच्यावर प्रकरण लिहितोय, त्यांना एकदा बघायला हवं."

त्यांच्या कॉलेजला गुरुवारी सुट्टी. आमची तपासणी सोमवारी आणि गुरुवारी. त्यामुळे मास्तर दर गुरुवारी सकाळी आमच्या ससेखान्यात येऊन एका उपड्या खोक्यावर बसू लागले. कारखानीस साहेबांना कोण आनंद! पाहुण्यांना कारखाना दाखवताना ते आता दाराशी थांबून हळू आवाजात सांगत, "आमच्याकडे एक तत्त्वज्ञ पण असतात." ससे, बॉयलर आणि तत्त्वज्ञ, अशी ती फेरी.

ससेखान्याचा खरा राजा होता चाँदभाई मुलाणी. वाडवडिलांपासून त्यांच्या घराण्याकडे गावातलं बकरं हलाल करायचा मान. चाँदभाईला ते जमेना. सुरी हातात घेतली की हात कापे. कारखाना आला आणि तो सशांकडे लागला. ससे त्याच्या खांद्यावर चढत, दाढीत नाक खुपसत. मास्तरांचं आणि त्याचं मेतकूट पहिल्याच दिवशी जमलं.

"चाँदभाई, सशाचे कान कशासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"धरायला," चाँदभाई म्हणाला.

"केमिस्ट, तुम्ही सांगा."

"शीर सापडायला," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येईचना.

"आणि सशाला वाटतं, ऐकायला," मास्तर खूश होऊन म्हणाले. "बघा. कान एकच, 'कशासाठी' तीन. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला तसा निसर्ग दिसतो." हे वाक्य त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून कोटाच्या खिशात टाकलं. पुढे पुढे त्यांच्या खिशाला ओल्या गवताचा वास येऊ लागला. घरी गाय आहे, म्हणून येत असेल, असं मी धरून चाललो.

असे तीन महिने बरे गेले. मग गुरुवार बिघडले.

एका गुरुवारी तिन्ही सशांना ताप चढला. माल गटारात. सोमवारचा पास. पुढच्या गुरुवारी पुन्हा ताप. सोमवारचा पुन्हा पास. मी सुया दोनदा उकळल्या, पाणी तीनदा गाळलं, थर्मामीटर बदलले. तिसऱ्या गुरुवारी ताप. चौथ्या गुरुवारी तर एक ससा असा तापला की मी स्वतःचा ताप मोजून बघितला.

शेडमध्ये निदान केव्हाच झालं होतं. गुरुवार दत्ताचा वार. त्या दिवशी जिवाला टोचलं तर देव खपवून घेईल होय? बॉयलरवाल्या तापकीर काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, आमी अडाणी माणसं. पर वार बदला. शुक्करवारी टोचा, काय बी व्हनार न्हाई." चाँदभाईचं त्याला अर्धंच अनुमोदन होतं. "शुक्करवार नको काका, तो आमचा हाय."

कारखानीस साहेबांना ही भाषा सहन होत नसे. विज्ञानयुगात वार पाहणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी सत्यनारायण घातला, पण तो फक्त ऑफिसच्या बाजूला. मग मला बोलावून सांगितलं, "वार दोषी नसतो, माणूस दोषी असतो. तुमची सहा महिन्यांची मुदत या महिनाअखेर संपते. आणखी एक गुरुवार देतो. तोही फुकट गेला, तर कायम करता येणार नाही."

हे मी घरी कळवू शकत नव्हतो. साताऱ्याला माझं लग्न ठरलं होतं. मुलीच्या वडिलांनी पत्रिका बघितली नव्हती, फोटो बघितला नव्हता, 'कायम होणार' एवढे दोन शब्द बघितले होते. मुलगी मी बघितली होती आणि तिने मला बघून हसू दाबलं होतं. तेवढ्यावर मी आयुष्य काढायला तयार होतो.

पाचव्या गुरुवारच्या आधी साहेबांनी एक हुशारी केली. कामगारांच्या मनातली अंधश्रद्धा काढायला मास्तरांचं व्याख्यान ठेवलं. मास्तर बॉयलरसमोर उभे राहिले आणि इतकं सुंदर बोलले, की मी माझी काळजी विसरलो. "पॅसेंजर येते तेव्हा तापकीर चहा पितात," ते म्हणाले. "म्हणून तापकिरांच्या चहाने गाडी येते का? तापकिरांना वाटत असेल. गुरुवार म्हणजे भिंतीवरच्या कागदातला एक चौकोन. चौकोन सशाला ताप आणू शकत नाही. गुरुवारी कोण काय करतं, जे सोमवारी करत नाही, ते शोधा. कारण तिथे सापडेल." टाळ्या पडल्या. तापकिरांनीही वाजवल्या, पण चहाची गोष्ट त्यांना लागली.

पाचव्या गुरुवारी ताप चढला.

त्या संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी ओसरीवर जाऊन बसलो. "साहेब उद्या कागद देतील," मी म्हणालो. ते उठले. आतून एक कोरा ताव आणला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'सोमवार' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'गुरुवार'. "सांगा. काहीही सोडू नका."

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. पाणी तेच. सुया त्याच. मीठ एकाच पोत्यातलं. बॉयलर गुरुवारी तासभर उशिरा पेटतो, पण पहिल्यापासून तो तसाच पेटतो, म्हणून काट. रहाटणीहून गवत गुरुवारी येतं, पण तपासणीनंतर येतं, काट. पिंपरीच्या बाजूने त्या दिवशी ट्रक जास्त जातात. मास्तरांना ते आवडलं, आवाजाने ससे घाबरत असतील. पण ट्रक चार महिन्यांपूर्वीही जात होते. काट. एकेक ओळ कटत गेली, आणि शेवटी गुरुवारचा रकाना स्वच्छ झाला. "काहीतरी राहतंय," मास्तर म्हणाले. "पाच आठवड्यांपूर्वी काहीतरी नवीन सुरू झालंय. केमिस्ट, तुम्ही नीट बघत नाही."

माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहाचे कप आणून ठेवले. तावाकडे एक नजर टाकली.

"आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"मी काय?"

"गुरुवारी तुम्ही जाता की तिकडे."

"अगं, मी चार महिने जातोय. ससे पाच आठवडे तापतायत. तर्क नको का काही?"

"तर्क मला कळत नाही," माई म्हणाल्या. "पाच गुरुवार माझ्या वाफ्यातला लसूणघास कमी होतोय, एवढं कळतं. गाय मला विचारते, मी कुणाला विचारू?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग कोटाच्या खिशात हात घालून चार-दोन हिरव्या काड्या बाहेर काढल्या आणि तावावर ठेवल्या.

"उपाशी असतात हो ते. हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले," मास्तर म्हणाले. इतक्या लहान आवाजात ते बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "मला वाटलं, तुमच्या साहेबांची काटकसर असेल. तुम्ही पहिला ताप बघून बाटल्यांकडे जात होता. चाँदभाईला विचारलं, तो म्हणाला, सुई झाली की नेम सुटला. मलाही ते पटलं. उपास सोडायची वेळ असते ना काहीतरी."

आता सगळं लख्ख दिसलं. उपास काटकसरीसाठी नव्हता. खाल्लं, चघळलं, खोड्यात धडपड केली, की सशाचं अंग तापतं. म्हणूनच शेवटचा ताप मोजेपर्यंत पोटात काही जाता कामा नये. हे मला ठाऊक होतं. चाँदभाईला मी फक्त हुकूम दिला होता, संध्याकाळपासून खायला घालायचं नाही. कुठवर आणि कशासाठी, ते सांगितलंच नव्हतं. चाँदभाईने आपल्या रोज्याच्या हिशेबाने लावलं, मास्तरांनी आपल्या एकादशीच्या.

मास्तरांनी टाक उचलला आणि गुरुवारच्या रकान्यात एकच अक्षर लिहिलं, 'मी'.

मी आनंदाने उठलो. "सर, आत्ताच साहेबांकडे जाऊ!"

"बसा," ते म्हणाले. "परवा बॉयलरपुढे मी काय सांगितलं? सोबत घडलं म्हणजे कारण नव्हे. ताप घासाने चढतो हे आधी दाखवावं लागेल."

"पुढच्या गुरुवारी टोचू, घास देऊन बघू."

"माझी चूक सिद्ध करायला तीन सशांना सुई? नाही." ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मला त्यांचा राग आला. माझं लग्न तीन सशांच्या कानावर टांगलेलं होतं आणि हे गृहस्थ कानांचा विचार करत होते. मग ते एकदम सरळ बसले. "टोचायचं कशाला? औषध नकोच. नुसतं बसवा, नुसता घास द्या, ताप मोजा. सुई न टोचता ताप चढला, तर सुई निर्दोष, औषध निर्दोष आणि तुम्हीही निर्दोष."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी साहेबांच्या देखत तसं केलं. चाँदभाईने सहा ससे खोड्यात बसवले. तिघांना घास, तिघांना नाही. औषध कुणालाच नाही. पहिल्या तासाला घास खाल्लेले तिघे तापले, उपाशी तिघे थंड. दुसऱ्या तासाला तेच. चाँदभाई खाली बसून राहिला. "माजंच चुकलं मास्तर," तो म्हणाला. "नेम सुटला म्हनलं मी." मग माझ्याकडे वळून, "पर साहेब, तुमी तरी सांगितलंत का कवा, कशापायी उपाशी ठेवायचं त्ये?"

कारखानीस साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. एक अडचण सुटली होती आणि दुसरी उभी राहिली होती. रविवारी नव्या शेडचं उद्घाटन होतं. पाहुणे म्हणून फणसळकर सरांचं नाव पत्रिकेवर सोनेरी शाईत छापलं होतं. पुण्याहून मोठी माणसं येणार होती. साहेबांनी आम्हाला ऑफिसात नेलं, दार लोटलं.

"सर, हे आपल्यातच ठेवू," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसाचं नाव यात नको. कागदावर 'देखरेखीतील हयगय' एवढं लिहू, केमिस्टच्या नावावर. त्यांची मुदत सहा महिन्यांनी वाढवू. तरुण आहेत, थांबतील."

मी थांबलो असतो. साताऱ्याचे थांबले नसते. मी मास्तरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर नव्या शेडकडे बघत होते. ते एवढंच म्हणाले, "कागद रविवारनंतर लिहा." मला वाटलं, गेलं. मोठ्या माणसांना मोठी माणसं जपतात. निसर्गाचा नियम!

रविवारी मांडव होता, तोरण होतं, सनई लावली होती. साहेबांनी विज्ञानयुगावर पाऊण तास घेतला. मग मास्तरांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि ते बोलायला उभे राहिले. पत्रिकेवर विषय होता 'विज्ञान आणि भारतीय संस्कृती'.

"मला दिलेला विषय फार मोठा आहे," ते म्हणाले. "मी लहान विषयावर बोलतो. गेले पाच गुरुवार या कारखान्यातला माल नापास होत होता. कुणी म्हणालं दत्ताचा कोप, कुणी म्हणालं केमिस्टचा दोष. मी इथेच उभा राहून तुम्हाला सांगितलं, कारण शोधा. तुम्ही शोधत होता ते कारण आज तुमच्यापुढे शाल पांघरून उभं आहे."

नारळ हातात तसाच धरून मास्तरांनी सगळं सांगितलं. घास, खोडा, खिशातल्या काड्या, माईंची गाय. चाँदभाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. "मी जन्मभर लोकांना विचारत आलो, विचारलंत का? सशांची मला दया आली, आणि दया आल्यावर माणसाला वाटतं की आता विचारायची गरज नाही. तिथे मी चुकलो. ज्या बाटल्या गटारात गेल्या, त्या कुणाच्या तरी शिरेत जायच्या होत्या. त्यांनाही मी विचारलं नव्हतं. या केमिस्टची यात हयगय नाही. कागदावर हयगय लिहायची असेल, तर स्पेलिंग मी सांगतो, फणसळकर."

मांडवात नुसती सनईची तबकडी वाजत राहिली, ती बंद करायला सगळेच विसरले होते. मग मागून चाँदभाई उभा राहिला. "मास्तर, एकल्यानं घिऊ नगा! म्या बी होतो! पर ससं लई खूश हुतं, ह्ये बी लिवा!"

मांडव हसला. तापकीर काका सगळ्यात जोरात. चहाची गोष्ट फिटली होती.

पुण्याच्या मोठ्या माणसांपुढे एवढं झाल्यावर साहेबांना कागद वेगळा लिहिता येईना. मी महिनाअखेर कायम झालो. लग्न झालं. आहेर म्हणून मास्तरांनी एक थर्मामीटर दिला, सोबत चिठ्ठी, 'घरात वापरावा. वाद झाल्यास प्रथम तोंडात धरावा.' पुस्तक दोन वर्षांनी निघालं. फार कुणी घेतलं नाही. त्यातलं दयेवरचं प्रकरण त्यांनी पूर्ण नव्याने लिहिलं होतं, आणि तळटीपेत पाच गुरुवारांची हकीकत होती, नावानिशी. एका विद्वानाने परीक्षणात लिहिलं, की ग्रंथाच्या गांभीर्याला ही तळटीप शोभत नाही. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. ग्रंथच तळटिपेला शोभत नाही."

गुरुवारी ते पुन्हा कधी आले नाहीत. शुक्रवारी कॉलेजला जाण्याआधी येत. शुक्रवारी सशांना विसावा असे. हातात लसूणघासाची पेंढी, आता उघडपणे, माईंना सांगून आणलेली. ससेखान्याच्या दारात थांबत, पायरीवर छत्री टेकत, आणि विचारत, "आज चालेल का?" दर शुक्रवारी चालायचंच. त्यांना ठाऊक होतं, चाँदभाईला ठाऊक होतं, सशांना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक असायचं. तरी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, तीन वर्षं.

चौथ्या वर्षी हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. पुण्याच्या इस्पितळात ठेवलं. मी आणि चाँदभाई गुरुवारी दुपारी भेटायला गेलो. हाताला सुई लावलेली होती, वर बाटली टांगलेली. बाटली आमची होती.

"केमिस्ट," त्यांनी डोळ्यांनी वर खुणावलं. "ही कुठल्या वारची?"

मी बाटलीवरचा नंबर वाचला. "गुरुवारची, सर."

"मग उत्तम," ते म्हणाले. "मी घरी होतो."

माई हसल्या आणि पदराने डोळे टिपले. मास्तर त्या थेंबांकडे बघत होते. "देतायत असं म्हणू नका हं कुणी," ते म्हणाले. "मी घेतोय." मग चाँदभाईकडे वळून म्हणाले, "उद्या शुक्रवार ना?"

"व्हय मास्तर."

"बघा तेवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दुपारी पवना नदीच्या काठावर सगळं आटोपून मी कारखान्यात परतलो. घरी जावंसं वाटेना, म्हणून ससेखान्यात जाऊन त्या उपड्या खोक्यावर बसलो. थोड्या वेळाने चाँदभाई आला. माईंना विचारून वाफ्यातून कापलेली पेंढी त्याच्या हातात होती. त्या जागेचा राजा तोच होता, पण तो आत आला नाही. दारात थांबला.

"आज चालंल का?" त्याने विचारलं.

आत माणूस मी एकटाच होतो. मी म्हणालो, "चालेल."